'एकनिष्ठ' म्हणवला गेलेला माणूस : जॅक लेस्ली, प्लिमथ आर्गाइल आणि काढून घेतलेली टोपी

खालच्या विभागात आयुष्यभर एकाच क्लबसाठी खेळणाऱ्या खेळाडूला इंग्लंडमध्ये फार प्रेमाने 'एकनिष्ठ' म्हणतात. पैशामागे धावला नाही, मोठ्या क्लबकडे पळाला नाही, पडत्या काळात साथ सोडली नाही, असे त्याचे कौतुक होते. शब्द चांगला आहे. पण आपल्यासारख्यांनी असा शब्द ऐकला की एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. हा माणूस थांबला हे खरे, पण त्याला पुढे जायची वाट मोकळी होती का? वाट मोकळी असताना थांबणे ही निष्ठा. वाट बंद असताना थांबावे लागणे ही व्यवस्था. अनेकांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की नुसत्या कौतुकाने त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

जॅक लेस्ली या खेळाडूचे आयुष्य या प्रश्नासाठी मुळातून वाचण्यासारखे आहे. क्लब एकच, प्लिमथ आर्गाइल. तेरा-चौदा हंगाम. सुमारे ४०० सामने. १३७ गोल. त्यातली बहुतेक वर्षे तिसऱ्या विभागात. १९२५ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय संघासाठी त्याचे नाव आले आणि काही दिवसांत गेले. खेळ संपल्यावर तो बॉयलर बनवण्याच्या कामाला परतला आणि म्हातारपणी दुसऱ्या एका क्लबात खेळाडूंचे बूट साफ करू लागला. १९८८ मध्ये तो वारला. इंग्लंडची टोपी त्याच्या नावाने निघाली ती २०२३ मध्ये.

हा इतिहास क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात फारसा कुणी सांगत नाही. पण तो आपल्याला परका वाटणार नाही.

गोदीच्या वस्तीतला मुलगा

जॅक लेस्लीचा जन्म १७ ऑगस्ट १९०१ चा, पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउनचा. ही गोदी कामगारांची, जहाज कारखान्यांची, गॅसच्या भट्ट्यांची वस्ती. वडील जमैकाहून आलेले मजूर, आई इंग्रज, शिवणकाम करणारी. साम्राज्याच्या जहाजांवर काम करणारे जगभरचे खलाशी या भागात उतरत आणि काहीजण तिथेच राहत. म्हणजे वस्ती मिश्र होती. पण मिश्र वस्ती म्हणजे समतेची वस्ती असे होत नाही. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये लिव्हरपूल, कार्डिफ आणि लंडनच्या पूर्व भागासह ब्रिटनच्या अनेक बंदरांत कृष्णवर्णीय खलाशी आणि कामगारांवर जमाव चालून गेले. युद्धात हीच माणसे साम्राज्याला हवी होती. युद्ध संपले, नोकऱ्या कमी पडल्या, आणि तीच माणसे 'बाहेरची' ठरली. लेस्ली तेव्हा अठराच्या उंबरठ्यावर होता.

त्याने बॉयलरमेकरचे काम शिकून घेतले. लोखंडी पत्रे वाकवणे, रिव्हेट ठोकणे, हाताला घट्टे पाडणारे कसबी काम. सोबत तो जवळच्या बार्किंग टाउन या हौशी क्लबकडून खेळू लागला. तिथे त्याने अडीचशेहून जास्त गोल केले असे सांगितले जाते. १९२१ मध्ये प्लिमथ आर्गाइलने त्याला व्यावसायिक खेळाडू म्हणून घेतले.

प्लिमथ हे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडचे नौदलाचे शहर. लंडनपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मोठ्या क्लबांच्या नकाशात ते कोपऱ्यात पडते. आर्गाइल १९२० मध्येच फुटबॉल लीगमध्ये आले होते आणि तिसऱ्या विभागात, म्हणजे लीगच्या तळाच्या पायरीवर खेळत होते.

सहा वेळा दुसरा क्रमांक

तिसऱ्या विभागाचे तेव्हा दोन गट होते, दक्षिण आणि उत्तर. नियम असा की प्रत्येक गटातून फक्त पहिला आलेला संघ वर जाणार. दुसऱ्याला काही नाही. आणि प्लिमथ आर्गाइल १९२१-२२ पासून १९२६-२७ पर्यंत सलग सहा हंगाम दक्षिण गटात दुसरे आले. सलग सहा! वर्षभर खेळायचे, चाळीस-बेचाळीस सामने घाम गाळायचा आणि शेवटी एका जागेने तिथेच राहायचे.

लेस्ली सुरुवातीची काही वर्षे संघात आत-बाहेर होता. १९२४-२५ पासून तो नियमित झाला. जागा इनसाइड लेफ्टची. आजच्या भाषेत सांगायचे तर मधल्या फळीला आणि आक्रमणाला जोडणारा, चेंडू खेळवणारा आणि वेळ आली की स्वतः गोल करणारा खेळाडू. त्याच्या डाव्या बाजूला सॅमी ब्लॅक हा स्कॉटिश विंगर. या जोडीने प्लिमथच्या मैदानावर, होम पार्कवर, दहा वर्षे धुमाकूळ घातला. ब्लॅक आजही क्लबचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू आहे. त्या गोलांमागे किती पास लेस्लीचे होते हे मोजायची पद्धत तेव्हा नव्हती. पुढे लेस्ली या संघाचा कर्णधार झाला. १९२९-३० मध्ये आर्गाइल अखेर पहिले आले आणि दुसऱ्या विभागात गेले.

एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. प्लिमथच्या लोकांनी या काळ्या खेळाडूला आपला मानले, कर्णधार म्हणून स्वीकारले. म्हणजे सामान्य प्रेक्षक शिकू शकत होता. मैदानावर प्रतिस्पर्ध्यांच्या शिव्या होत्या, कातडीवरून टोमणे होते, पाय मोडण्याच्या धमक्या होत्या. लेस्लीने स्वतः म्हातारपणी हे सांगितले आहे. गोऱ्या लव्हिनियाशी त्याने लग्न केले तेव्हा त्या दोघांना लोकांच्या नजरा आणि बोलणी सोसावी लागली. तरीही होम पार्कवर त्याच्या नावाने टाळ्या पडत होत्या. प्रश्न टाळ्या वाजवणाऱ्यांचा नव्हता. प्रश्न बंद खोलीत बसून नावे ठरवणाऱ्यांचा होता.

ऑक्टोबर १९२५

त्या काळात इंग्लंडचा संघ प्रशिक्षक निवडत नसे. फुटबॉल असोसिएशनची निवड समिती बसे आणि नावे ठरवी. समितीत क्लबांचे आणि असोसिएशनचे पदाधिकारी. एका व्यवस्थापकाच्या हातात संघनिवडीचा पूर्ण अधिकार आला तो १९६० च्या दशकात, आल्फ रॅम्सीच्या वेळी.

१९२५ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्लिमथचे व्यवस्थापक बॉब जॅक यांनी लेस्लीला आपल्या खोलीत बोलावले आणि इंग्लंडसाठी तुझी निवड झाली आहे असे सांगितले. बॉब जॅक यांना या बातमीची किंमत चांगली माहीत होती. त्यांचा स्वतःचा मुलगा डेव्हिड जॅक वर्षभरापूर्वीच इंग्लंडकडून खेळला होता. सामना होता २४ ऑक्टोबरला, आयर्लंडविरुद्ध, बेलफास्टला. वर्तमानपत्रांनी लेस्लीचे नाव राखीव खेळाडू म्हणून छापले. तिसऱ्या विभागातल्या क्लबसाठी ही दिवाळीच होती. सगळ्या शहरात चर्चा.

मग काही दिवसांत पुन्हा नावे आली आणि त्यांत लेस्ली नव्हता.

त्याला कुणी कारण सांगितले नाही. पत्र नाही, खुलासा नाही. त्याच्या कानावर आडून-आडून आले की असोसिएशनची माणसे त्याला पुन्हा एकदा बघायला आली होती आणि या वेळी त्यांनी बघितला तो त्याचा खेळ नव्हता, चेहरा होता. १९७८ मध्ये 'डेली मेल'ला दिलेल्या मुलाखतीत त्याने हे सांगितले. आपण काळे आहोत हे निवडताना त्यांच्या लक्षातच नसावे, असे तो म्हणाला. दुसरे कोणतेही कारण असू शकत नव्हते, हेही त्याने स्पष्ट केले.

२४ ऑक्टोबरला बेलफास्टमध्ये इंग्लंड आणि आयर्लंड यांचा सामना ०-० असा सुटला. इंग्लंडला एकही गोल करता आला नाही. त्याच दिवशी प्लिमथने बोर्नमथला ७-२ ने हरवले. त्यांतले दोन गोल लेस्लीचे होते.

'पुरावा कुठे आहे?'

इथे नेहमीचा आक्षेप येतो. लेस्लीला रंगामुळे वगळले असे कुठे लिहिले आहे? कागद दाखवा.

मित्रांनो, हा आक्षेप आपल्या ओळखीचा आहे. जातीवरून घर नाकारणारा मालक कधी लिहून देतो का? मुलाखतीत आडनाव ऐकून चेहरा बदलणारा अधिकारी शेऱ्यात जात लिहितो का? भेदभाव करणाऱ्याच्या हातातच दप्तर असते. मग दप्तरात भेदभाव सापडत नाही म्हणून तो झालाच नाही, हा युक्तिवाद म्हणजे चोराच्या वहीत चोरीची नोंद शोधणे आहे. अशा वेळी कागदाबाहेरचा पुरावा तपासावा लागतो. इतर शक्य कारणे एकेक करून पारखावी लागतात. तेच इथे करू.

पहिले कारण सांगितले जाईल की तो तिसऱ्या विभागातला खेळाडू होता, इंग्लंडसाठी त्या विभागातून कोण घेतो? पण त्याच १९२५ साली, त्याच तिसऱ्या विभागाच्या दक्षिण गटातल्या ब्रायटन क्लबचा टॉमी कुक इंग्लंडकडून वेल्सविरुद्ध खेळला होता. म्हणजे विभागाची भिंत नव्हती.

दुसरे कारण. तो फक्त राखीव होता, तेव्हा बदली खेळाडू उतरवता येत नसे, त्यामुळे तो बहुधा खेळलाच नसता. समजा खरे आहे. पण ज्याला समितीने राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यापर्यंत आणण्याच्या योग्यतेचा मानला, जो पुढे आणखी काही वर्षे ढिगाने गोल करत राहिला, त्याचे नाव नंतर एकदाही का आले नाही? एका सामन्याचा खुलासा देता येतो. नंतरच्या सगळ्या वर्षांचा देता येत नाही.

तिसरे कारण सगळ्यात लाडके आहे. 'काळच तसा होता.' आजच्या मूल्यांनी तेव्हाच्या माणसांना तोलू नये, असा शहाणपणाचा सल्ला त्याला जोडून येतो. आता इतिहास बघा. १८८१ मध्ये, म्हणजे लेस्लीच्या जन्माच्या वीस वर्षे आधी, अँड्र्यू वॉटसन हा ब्रिटिश गयानात जन्मलेला कृष्णवर्णीय खेळाडू स्कॉटलंडचा कर्णधार होता. त्याच्या नेतृत्वाखाली स्कॉटलंडने लंडनमध्ये येऊन इंग्लंडला ६-१ ने धुतले. आणि लेस्लीनंतर फक्त सहा वर्षांनी, १९३१ मध्ये, एडी पॅरिस हा कृष्णवर्णीय खेळाडू वेल्सकडून खेळला. तोही खालच्या विभागातल्या क्लबचा होता. एकच बेट, एकच खेळ, एकच काळ. स्कॉटलंडला जे जमले, वेल्सला जे जमले, ते इंग्लंडला जमले नाही. मग दोष काळाचा कसा? काळ कुणाचे नाव खोडत नाही. नाव खोडायला हात लागतो.

इंग्लंडच्या मुख्य संघातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून ज्याची नोंद केली जाते तो व्हिव अँडरसन २९ नोव्हेंबर १९७८ ला मैदानात उतरला. लेस्लीचे नाव खोडले गेल्यानंतर ५३ वर्षांनी.

निष्ठा आणि बेडी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. लेस्ली प्लिमथशी एकनिष्ठ होता का? होता. शहराने त्याला मान दिला, संसार तिथे झाला, सॅमी ब्लॅकसारखा साथी मिळाला. हे सगळे खरे आहे आणि ते कमी लेखायचे कारण नाही.

पण त्याच वेळी इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये खेळाडूला बांधून ठेवणारी दोन कलमे होती. पहिले, खेळाडूची नोंदणी क्लबच्या मालकीची. हंगाम संपला, करार संपला, तरी क्लबने त्याला 'राखून ठेवले' तर तो लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडून खेळू शकत नसे. क्लबची परवानगी आणि किंमत ठरल्याशिवाय सुटका नाही. दुसरे, पगारावर कमाल मर्यादा. १९२२ पासून हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त ८ पौंड आणि उन्हाळ्यात ६ पौंड. खेळाडू कितीही मोठा असो, मैदान कितीही भरो, यावर एक पेनी नियमाने देता येत नसे. मैदानाचे तिकीट विकून जमलेला गल्ला संचालकांकडे आणि ज्याला बघायला लोक आले तो मात्र आठ पौंडांवर. दीर्घ सेवेबद्दल जादा रक्कम मिळे, पण तीही क्लबच्या मर्जीवर. हक्क म्हणून नव्हे.

या बेड्या गोऱ्या खेळाडूंच्याही पायात होत्या. म्हणून त्यांच्या संघटनेला लढावे लागले. संपाची नोटीस दिल्यावर १९६१ मध्ये कमाल पगाराची मर्यादा गेली. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने 'राखून ठेवण्याची' पद्धत अन्यायकारक बंधन ठरवली. म्हणजे ज्याला वर्तमानपत्रे 'निष्ठा' म्हणत होती, त्यातला एक मोठा भाग कायद्याच्या भाषेत बंधन निघाला.

समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला इथे दोन थर दिसतात. गोरा खेळाडू क्लबने बांधलेला होता, पण त्याला राष्ट्रीय संघाचे दार उघडे होते. त्याचे नाव व्हायला, इतिहासात नोंद व्हायला वर्गाची आडकाठी होती, वंशाची नव्हती. लेस्लीला दोन्ही होत्या. कामगार म्हणून तो बॉब जॅकच्या इतर पोरांसारखाच होता आणि काळा म्हणून त्यांच्यातही वेगळा होता. 'आधी वर्गाचा प्रश्न सोडवू, बाकीचे आपोआप सुटेल' असे सांगणाऱ्यांना बाबासाहेबांनी जे उत्तर दिले होते, त्याचा एक दाखला होम पार्कच्या हिरवळीवरही सापडतो. १९६१ ला पगाराची मर्यादा गेली. इंग्लंडच्या संघातली रंगाची मर्यादा त्यानंतरही सतरा वर्षे टिकली.

बूट साफ करणारे हात

१९३४-३५ च्या हंगामात लेस्लीचा खेळ संपला. डोळ्याला झालेली दुखापत त्याला कारण ठरली. तेव्हाचा चेंडू जाड चामड्याचा, वर वादीने शिवलेला. पाऊस लागला की दगडासारखा जड होई. खेळाडूंच्या शरीराची झीज हा हिशेबाचा विषयच नव्हता.

पुढे तो पूर्व लंडनला परतला आणि पुन्हा बॉयलरमेकर झाला. आजच्या खेळाडूच्या निवृत्तीसारखे यात काही नव्हते. ना समालोचन, ना जाहिराती. खालच्या विभागातल्या बहुतेकांची हीच गत होती. कुणी दुकान टाकले, कुणी कारखान्यात गेला, कुणी खाणीत. लेस्लीच्या आधीचा आर्थर व्हार्टन बघा. आजच्या घानातल्या अक्रा इथे जन्मलेला हा इंग्लंडमधला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू मानला जातो. तो पुढे कोळसा खाणीत कामाला लागला, १९३० मध्ये गरिबीत वारला आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला १९९७ उजाडावे लागले. लेस्लीच्या हातात निदान कसब होते.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर, १९६० च्या दशकात, तो आपल्या मूळ वस्तीच्या वेस्ट हॅम युनायटेड क्लबमध्ये कामाला लागला. काम बूट-रूमचे. खेळाडूंचे बूट धुणे, चिखल काढणे, पॉलिश करणे. या बुटांत बॉबी मूर, जेफ हर्स्ट आणि मार्टिन पीटर्स यांचे बूट होते. १९६६ मध्ये इंग्लंडने विश्वचषक जिंकला तेव्हा मूर कर्णधार होता आणि अंतिम सामन्यातले इंग्लंडचे चारही गोल हर्स्ट व पीटर्सचे होते. क्लाइड बेस्ट या बर्म्युडाहून आलेल्या तरुण कृष्णवर्णीय खेळाडूचे बूटही त्याच्या हाताखालून जात. त्या तरुण खेळाडूंपैकी अनेकांना पत्ताच नव्हता की आपले बूट चकचकीत करणाऱ्या या शांत म्हाताऱ्याने स्वतः १३७ गोल केलेले आहेत.

या चित्राने कुणाच्याही डोळ्यांत पाणी येईल. पण आपण सावध राहिले पाहिजे. बूट साफ करणे हे हलके काम आहे म्हणून आपल्याला वाईट वाटत असेल, तर आपण मनुवादाचीच फूटपट्टी वापरतो आहोत. चामड्याला हात लावणारा कमी नसतो, हे आपल्यापेक्षा कुणी जास्त जाणत नाही. लेस्लीला ते काम, ती पोरे, फुटबॉलच्या वासातले ते वातावरण आवडत होते असे त्याच्या माणसांनी सांगितले आहे. त्याच्या आनंदावर आपली कीव लादायचा आपल्याला अधिकार नाही. संताप यावा तो दुसऱ्या गोष्टीचा. ज्या खोलीत तो बसत होता तिथेच इंग्लंडच्या टोप्या मिळवणारी पिढी वावरत होती आणि त्याच्याकडून काय हिरावले गेले हे त्या खोलीत जवळपास कुणाला माहीत नव्हते. अन्याय करणारे विसरले, हे समजू शकते. पण अन्याय झाला ही माहितीच पुढच्या पिढीपर्यंत पोचली नाही, हा दुसरा अन्याय होता.

लेस्ली तिथे लागला तेव्हा वेस्ट हॅमचे व्यवस्थापक होते रॉन ग्रीनवुड. पुढे ते इंग्लंडचे व्यवस्थापक झाले आणि १९७८ मध्ये व्हिव अँडरसनला संघात घेतले ते त्यांनीच. यावरून मी कसलाही गोड निष्कर्ष काढणार नाही. एवढेच म्हणेन की समितीच्या बंद खोलीतून निवड बाहेर आली आणि एका माणसावर जबाबदारी पडली, तेव्हा दार उघडायला वेळ लागला तरी ते कुणी उघडले आणि कुणी बंद ठेवले होते हे निदान सांगता येऊ लागले. उत्तरदायित्व म्हणतात ते हेच.

आपल्याकडची टोपी

हे वाचताना तुम्हाला पळवणकर बाळू आठवले असतील. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामे करत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत मोठा झाला. हिंदू संघाला जिंकण्यासाठी त्याची बोटे हवी होती, पण चहाच्या वेळी त्याचा कप वेगळा आणि जागा पॅव्हेलियनच्या बाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. भारतातला त्या काळचा सर्वोत्तम गोलंदाज हिंदू संघाचा रीतसर कर्णधार कधीच झाला नाही. १९२० मध्ये भावांनी संघातून अंग काढून घेतल्यावर आणि गाजावाजा झाल्यावर त्याला उपकर्णधारपद दिले गेले. कर्णधारपद मिळाले ते त्याचा भाऊ विठ्ठल याला, १९२३ मध्ये. विठ्ठलच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा जिंकली.

बाळूंचे राजकारण आपल्याला पटणारे नव्हते. १९३७ मध्ये ते काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. पण राजकारण पटत नाही म्हणून मैदानावरचा अन्याय कमी होत नाही, आणि अन्याय झाला म्हणून राजकारण बरोबर ठरत नाही. इतिहासाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगता आल्या पाहिजेत.

लेस्ली आणि बाळू यांच्यात फरकही आहे आणि तो पुसू नये. प्लिमथने आपल्या काळ्या खेळाडूला कर्णधार केले. अन्याय वरच्या समितीने केला. बाळूला कर्णधारपद नाकारले ते त्याच्याच संघाने. वंशभेद त्वचा बघून दुरून ओळखतो. जातिभेद पाणी पिताना, जेवायच्या पंगतीत, स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर ओळखतो. म्हणून लेस्लीला शहराचा आधार तरी होता. बाळूला आधार होता तो आपल्या तीन भावांचा.

मेल्यावरची टोपी

लेस्ली १९८८ मध्ये वारला. त्यानंतर तीस वर्षे त्याचे नाव प्लिमथच्या जुन्या चाहत्यांपुरते राहिले. मग काही चाहत्यांनी ठरवले की होम पार्कबाहेर त्याचा पुतळा उभारायचा. २०२० मध्ये लोकवर्गणी सुरू झाली. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर जगभर उसळलेल्या आंदोलनाचे ते वर्ष. ब्रिस्टलमध्ये गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा लोकांनी ओढून पाण्यात टाकला आणि तिथून दोनशे किलोमीटरच्या आतच एका काळ्या कामगाराच्या पुतळ्यासाठी लोक खिशातून पैसे काढत होते. एक लाख पौंडांचे उद्दिष्ट होते, ते ओलांडले गेले. शिल्पकार अँडी एडवर्ड्स यांनी घडवलेला पुतळा ७ ऑक्टोबर २०२२ ला उभा राहिला. फुटबॉल असोसिएशनने मरणोत्तर मानद टोपी जाहीर केली. मार्च २०२३ मध्ये, इंग्लंड-युक्रेन सामन्याच्या वेळी, वेम्बली मैदानावर ती त्याच्या कुटुंबाच्या हाती दिली गेली.

हे चांगले झाले. पण क्रम बघा. आधी चाहते, मग वर्गणी, मग वर्तमानपत्रे आणि सगळ्यांत शेवटी असोसिएशन. संस्था स्वतःहून आपली वही तपासत नाही. बाहेरून दार वाजवावे लागते. मेलेल्या माणसाला टोपी देणे सोपे असते, कारण तो समितीत जागा मागत नाही. त्या समारंभाच्या दोनच वर्षे आधी, २०२१ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकल्यावर रॅशफर्ड, सँचो आणि साका या तिघांवर समाजमाध्यमांतून वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला होता. जिंकलात तर इंग्लिश, हरलात तर काळे. सन्मान खरा की देखावा, हे अशा हरलेल्या रात्री कळते.

आपण काय करायचे

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती १९७८ ची मुलाखत. एका पत्रकाराने एका सत्त्याहत्तरीला टेकलेल्या माणसाला विचारले आणि त्याने सांगितले. ती मुलाखत झाली नसती तर पुढच्या चाहत्यांच्या हाती १९२५ च्या वर्तमानपत्रांतल्या बदललेल्या नावांपलीकडे फारसे काही नसते. पुतळ्याचा पाया ब्राँझचा नाही, त्या म्हाताऱ्याच्या शब्दांचा आहे.

आपल्या वस्त्यांमध्ये असे किती जॅक लेस्ली आहेत? गिरणीच्या संघाकडून कबड्डी खेळलेले, रेल्वेच्या मैदानावर कुस्ती मारलेले, जिल्ह्याच्या संघात निवड होऊन यादीतून नाव गेलेले. आज ते रिक्षा चालवतात, वॉचमनची नोकरी करतात, नातवंडे सांभाळतात. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नसेल, फोटोही नसेल. आठवण आहे. ती आठवण आपण लिहून घेतली नाही, तर उद्या कुणीतरी हमखास विचारेल, 'पुरावा कुठे आहे?'

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे दोन तास कमी करा. प्रत्येक वस्तीत दोन मुले आणि एक मोबाइल घ्या. साठीच्या पुढच्या माणसांकडे जा. कुठे खेळलात, कुणी निवडले, कुणी वगळले, काय कारण सांगितले, हे विचारा. साल, ठिकाण, संघाचे नाव लिहा. जुनी वर्तमानपत्रे तालुक्याच्या वाचनालयात असतात, तिथे पडताळा करा. पडताळा झाला नाही तर तसेही लिहा, कारण आपला इतिहास अतिशयोक्तीवर उभा राहायला नको. आणि आज जी मुले खेळत आहेत त्यांच्या निवडीच्या वेळी संघटकांकडे गुणपत्रक आणि कारण लेखी मागा. माहितीचा अधिकार जिथे लागू होतो तिथे तो वापरा.

लेस्लीला टोपी मिळायला ९८ वर्षे लागली, कारण त्या वेळी नावे खोडणाऱ्यांना कारण लिहून द्यायला कुणी भाग पाडले नाही. आपल्या मुलांच्या वेळी ते कारण त्याच दिवशी मागितले गेले पाहिजे.